गिटइग्नोर नावाचा कचऱ्याचा डबा

शनिवारची सकाळ. खाली घंटागाडी येऊन गेली, चहाचा दुसरा कप झाला, आणि कालपासून डोक्यात जे भुणभुणतंय ते टंकायला बसलोय. आज जरा चिडून लिहिणार आहे, तेव्हा आधीच माफी मागून ठेवतो. ज्यांना कोड म्हटलं की जांभई येते त्यांनीही थोडा वेळ थांबा. विषय तांत्रिक असला तरी भांडण माणसांचं आहे.

तर झालं असं, की काल ऑफिसात एका नव्या मुलीच्या कोडचा रिव्ह्यू चालला होता. तिच्या बदलांमध्ये एक सेटिंग्जची फाइल होती आणि तिच्यात डेटाबेसचा पासवर्ड सरळसरळ लिहिलेला. रिव्ह्यू करणाऱ्या आमच्या अनुभवी महाशयांनी खाली शेरा मारला, "गिटइग्नोरमध्ये टाक." बस. दोन शब्द. आणि गडी पुढच्या फायलीकडे वळला.

मी जवळजवळ खुर्चीतून उठलोच. कारण हेच दोन शब्द काही वर्षांपूर्वी मी लिहिले होते. आणि त्यांची किंमत मी नाही, दुसऱ्याच एका मुलाने मोजली.

ती गोष्ट सांगतो, पण आधी दोन मिनिटं व्याकरण. गिट म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंदवही. लिनस टोरवाल्ड्सने २००५ साली लिनक्स कर्नलच्या कामासाठी ती लिहिली आणि आज आपल्यापैकी बहुतेकांची रोजीरोटी तिच्यावर चालते. प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये आपण लिहिलेल्या फायलींबरोबर हजार फालतू फायली तयार होत असतात. बिल्डमधून बाहेर पडलेला माल, लॉग, एडिटरने टाकलेली पिल्लं, मॅकने जागोजागी सोडलेल्या डीएस-स्टोअर फायली. या फायली नोंदवहीत नकोत म्हणून आपण एक यादी करतो, तिचं नाव 'गिटइग्नोर'. यादीत जे बसेल त्याबद्दल गिट आपल्याला विचारत नाही. एवढंच तिचं काम.

आता माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो आणि मग उरलेला वेळ त्यावरच भांडतो: गिटइग्नोर हा कचऱ्याचा डबा आहे, तिजोरी नाही. आणि आपण सगळे, म्हणजे मीही, वर्षानुवर्षं या डब्यात दागिने ठेवत आलोय.

ही यादी मुळात आली कशासाठी?

गिटच्या आधी सीव्हीएस होतं. ज्यांनी ते वापरलंय त्यांना आठवत असेल, अपडेट मारलं की अनोळखी फायलींसमोर प्रश्नचिन्हं यायची. पडदा भरून प्रश्नचिन्हं! त्यात खरोखर जोडायची राहिलेली फाइल कुठली हे शोधताना डोळे दुखायचे. म्हणून 'सीव्हीएसइग्नोर' आलं. ऑब्जेक्ट फायली, कोअर फायली, एडिटरच्या बॅकअप फायली असल्या नेहमीच्या कचऱ्याची यादी तर सीव्हीएसला पाठच होती. पुढे सबव्हर्जनमध्ये तीच सोय फोल्डरला चिकटवलेल्या एका गुणधर्माच्या रूपात आली. मर्क्युरिअलने स्वतःची फाइल केली आणि त्यात रेग्युलर एक्स्प्रेशन्स लिहायला लावून काही लोकांचा छळ केला :)

अवजारं बदलली, हेतू तोच राहिला. गोंगाट कमी करणे. 'हे मला दाखवू नकोस, हे पुन्हा तयार करता येतं.' कुठेही, कोणीही असं म्हटलं नव्हतं की 'हे जपून ठेव' किंवा 'हे कोणाला देऊ नकोस'. तो अर्थ आपण आपल्या मनाने चिकटवला.

आणि गिटने तर याहून पुढची गोष्ट गृहीत धरली आहे, जी फार थोड्या लोकांना ठाऊक असते. इग्नोर केलेली फाइल गिटच्या लेखी *टाकाऊ* असते. खरोखर टाकाऊ. तुमची सेटिंग्जची फाइल आज इग्नोरमध्ये आहे, पण एखाद्या जुन्या ब्रँचवर ती फाइल गिटच्या नोंदीत होती असं समजा. तुम्ही त्या ब्रँचवर गेलात की गिट तुमची फाइल न विचारता पुसून त्याजागी जुनी ठेवतं. परत आलात की ती जुनीही काढून घेतं. हातात शून्य. इग्नोर केलेली नसती, नुसती अनोळखी असती, तर याच गिटने "थांब, ही फाइल उडेल" म्हणून तुम्हाला अडवलं असतं. म्हणजे यादीत नाव घालून तुम्ही फायलीचं संरक्षण वाढवलं नाही, होतं तेही काढून घेतलंत!

'गिट क्लीन'चंही तेच. अनोळखी फायली साफ करणारी ही आज्ञा इग्नोर केलेल्या फायलींना सहसा हात लावत नाही, पण तिला 'एक्स' हा पर्याय जोडला की त्याही जातात. बिल्ड बिघडला की इंटरनेटवरचा पहिला सल्ला काय असतो? एफ, डी, एक्स लावून क्लीन मारा. ही आपली घंटागाडी. दारात ठेवलेला डबा ती उचलते. डब्यात काय ठेवलंयत हे ती विचारत नाही, आणि विचारू नये हेच बरोबर आहे.

आता बंड्याची गोष्ट

त्याला इथे बंड्या म्हणतो. नाव अर्थातच वेगळं आहे. कंपनीचंही नाव सांगत नाही. सहा जणांची टीम होती, मी त्यातला जुना, तो सगळ्यात नवा. सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर, पहिलीच नोकरी, रोज लातूरला घरी फोन करणारा मुलगा.

त्याने एक दिवस रिव्ह्यूमध्येच मला विचारलं, "दादा, या सेटिंग्जच्या फायलीत पासवर्ड आहे, चालतो का?" म्हणजे बघा, टीममध्ये हा प्रश्न फक्त त्याला पडला होता. आणि मी शेरा मारला: गिटइग्नोरमध्ये टाक. त्याने इमानदारीत एक ओळ वाढवली. मी मंजूर केली. दोघंही खूश.

या ओळीने काय झालं? काहीही झालं नाही. कारण गिटचा साधा नियम आहे, आणि तो मॅन्युअलमध्ये अगदी वरच लिहिलाय: इग्नोरची यादी फक्त अशा फायलींना लागू होते ज्या अजून नोंदीत आलेल्या *नाहीत*. जी फाइल एकदा नोंदवहीत चढली, तिला या यादीचा काडीचाही फरक पडत नाही. तिच्यातला प्रत्येक बदल पूर्वीसारखाच टिपला जातो. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. ती फाइल प्रकल्पाच्या पहिल्या दिवसापासून नोंदीत होती.

दोन महिन्यांनी नियमाप्रमाणे प्रॉडक्शनचा पासवर्ड बदलला. बंड्याला एका तपासणीसाठी नवा पासवर्ड मिळाला, त्याने तो त्याच्या मशीनवरच्या फायलीत घातला, कारण त्याच्या समजुतीप्रमाणे ती फाइल इग्नोर होत होती. संध्याकाळी एडिटरमधल्या 'सगळं कमिट करा' या बटणावर टिचकी मारली. चाळीसेक फायलींचा बदल होता. मी डोळे मिटून मंजूर केला. नवा, ताजा पासवर्ड थेट रेपॉझिटरीत, आणि ती रेपॉझिटरी क्लायंटच्या आणखी दोन कंत्राटदार टीम्सना वाचता येत होती.

पाच दिवसांनी क्लायंटच्या सुरक्षा विभागाची मेल आली. नशीब, की चोरीला काही गेलं नव्हतं. पण मेल वरपर्यंत गेली होती, तेव्हा 'कोण' या प्रश्नाचं उत्तर हवं होतं. कमिटवर नाव बंड्याचं. सोमवारच्या कॉलवर तो एकच वाक्य दोनदा बोलला, "पण सर, मी इग्नोर केलं होतं." मॅनेजर म्हणाले, "केलं असतंस तर गेलं कसं?" कोणाकडे उत्तर नव्हतं.

माझ्याकडे होतं. आदल्या रात्रीच मी त्या फायलीचा लॉग काढून बघितला होता. सगळ्यात खाली, प्रकल्पाच्या पहिल्याच कमिटमध्ये, पासवर्डसकट ती फाइल कोणी चढवली होती? अस्मादिकांनी. कॉलवर मी माइक म्यूट करून बसून राहिलो.

बंड्याचं प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढलं. शेरा होता 'निष्काळजी'. ते तीन महिने संपायच्या आतच तो सोडून गेला. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर रिव्ह्यू करत बसलेला.

दोन आठवड्यांनी चहाच्या टपरीवर मी मॅनेजरना खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, "अरे, ते क्लोज झालंय आता. कशाला उकरतोस?" आणि मला, खरं सांगतो, बरं वाटलं. ते बरं वाटणं मला आजही आवडत नाही.

गेल्या वर्षी त्याला फोन केला. बंगलोरला आहे, उत्तम चाललंय. माफी मागितली. तो हसला आणि म्हणाला, "दादा, मला तेव्हाच माहीत होतं. मीपण लॉग बघितला होता की."

त्याला माहीत होतं! आणि प्रोबेशनवरच्या पोराला सिनिअरचं नाव कॉलवर घेता आलं नाही. यावर मी अजून काय लिहू?

"पण आमची रेपॉझिटरी प्रायव्हेट आहे"

हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आता चक्कर येते. प्रायव्हेट म्हणजे दाराला कडी आहे, एवढंच. उबरचं उदाहरण जगजाहीर आहे. २०१४ साली त्यांच्या एका इंजिनिअरने गिटहबवर उघड्यावर टाकलेली क्लाउडची किल्ली वापरून कोणीतरी आत शिरलं. ठीक, उघड्यावर होती. मग २०१६ साली काय झालं? या वेळी रेपॉझिटरी प्रायव्हेट होती. हल्लेखोर त्या प्रायव्हेट रेपॉझिटरीत शिरले, कोडमध्ये साध्या अक्षरांत लिहिलेली किल्ली त्यांना मिळाली, आणि ५ कोटी ७० लाख लोकांची माहिती त्यांच्या हाती लागली. कंपनीने १ लाख डॉलर देऊन प्रकरण दाबलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये ते बाहेर आलं. २०१८ साली अमेरिकेतल्या राज्यांशी १४ कोटी ८० लाख डॉलरची तडजोड झाली आणि २०२२ साली त्यांच्या तेव्हाच्या सुरक्षा प्रमुखाला न्यायालयाने दोषी ठरवलं.

लक्षात घ्या, त्या प्रमुखाला दोषी ठरवलं ते किल्ली कोडमध्ये ठेवल्याबद्दल नाही. झालेली गोष्ट लपवल्याबद्दल. मी कोणी मोठा सुरक्षा प्रमुख नाही, पण म्यूट केलेला माइक आठवला की ही बातमी मला जरा जास्तच लागते.

दुसरा युक्तिवाद असतो, "हल्ली टूल्स पकडतात हो." पकडतात, आणि ती जरूर लावा. पण ती टूल्स प्रामुख्याने ओळखीच्या आकाराच्या किल्ल्या पकडतात. तुमच्या टीमने ठेवलेला साधा पासवर्ड, ज्यात प्रकल्पाचं नाव आणि साल आहे (आहे ना? खरं सांगा), तो त्यांच्या नजरेत भरेलच असं नाही.

शिवाय गिटच्या यादीचा अंमल गिटपुरताच आहे. डॉकरला तुमच्या गिटइग्नोरशी काही देणंघेणं नाही. त्याची स्वतःची 'डॉकरइग्नोर' फाइल असते. ती नसेल आणि तुम्ही 'सगळं कॉपी कर' म्हणालात, तर तुमच्या मशीनवरची गुपितांची फाइल गपचूप इमेजमध्ये जाऊन बसते. एनपीएमची गंमत वेगळीच. तिथे स्वतंत्र 'एनपीएमइग्नोर' नसेल तर तो बिचारा गिटची यादी वापरतो. पण कोणी उत्साहाने एका ओळीची एनपीएमइग्नोर फाइल बनवली, की त्या क्षणापासून गिटची यादी तिथे बाद. एक गोष्ट वगळायला गेलात आणि बाकी सगळ्या जगाला वाटून बसलात. आग सोमेश्वरी अन् बंब रामेश्वरी.

तयार याद्यांचा सुकाळ

आता दुसरी चीड. प्रकल्प सुरू करताना आजकाल कोणी यादी *लिहीत* नाही. गिटहबवर भाषेगणिक तयार याद्या आहेत, त्या उचलतात. हल्ली तर एआयला सांगितलं की तो दोनशे ओळी ओकून मोकळा. त्या याद्या वाईट आहेत असं नाही, कष्टाने केलेल्या आहेत. पण त्या तुमच्या घरातल्या कचऱ्याच्या नाहीत.

एक उदाहरण देतो. पायथनच्या त्या तयार यादीत 'लिब/' अशी एक ओळ आहे, कारण पायथनची पॅकेजेस बनवताना त्या नावाचा फोल्डर तयार होऊ शकतो. आता तुमच्या प्रकल्पात मागे पायथन आणि पुढे जावास्क्रिप्ट असेल, आणि पुढच्या बाजूच्या मुलांनी स्वतःच्या हाताने लिहिलेला कोड 'लिब' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवला असेल (ठेवतातच), तर तो अख्खा फोल्डर गिटला दिसतच नाही. का? कारण ओळीच्या सुरुवातीला किंवा मध्ये तिरकी रेघ नसेल तर नियम कुठल्याही पातळीवर लागू होतो. '/लिब/' लिहिलं असतं तर फक्त यादीशेजारचा फोल्डर वगळला गेला असता. एका तिरक्या रेघेचा फरक.

आमच्याकडे हे झालंय. "माझ्या मशीनवर चालतंय", "सर्व्हरवर फाइल सापडत नाही" या दोन वाक्यांत दीड दिवस गेला. शेवटी सापडलं. गिटने चूक केली नव्हती, सांगितलं तेच केलं होतं. आम्ही काय सांगितलंय हे आम्हीच वाचलं नव्हतं.

तीच गोष्ट उद्गारचिन्हाची. 'लॉग्ज फोल्डर वगळ, पण त्यातली माहितीची फाइल ठेव' असं लिहायला लोक आधी 'लॉग्ज/' लिहितात आणि खाली उद्गारचिन्ह लावून त्या फायलीचा अपवाद करतात. चालत नाही. वरचा फोल्डरच वगळला की गिट आत डोकावतच नाही, तर अपवाद कुठून दिसणार? तिथे 'लॉग्ज/*' लिहावं लागतं, म्हणजे फोल्डर नव्हे, त्यातला माल वगळ. हे ठाऊक नसलेला माणूस तीन वेगवेगळ्या ओळी चिकटवून बघतो, एक कशीतरी चालते, आणि तिन्ही यादीत कायमच्या राहतात.

आणि मग प्रत्येकाचा खाजगी कचरा! एकाच्या एडिटरचा फोल्डर, दुसऱ्याच्या मॅकची फाइल, तिसऱ्याची 'टेस्ट-२-फायनल-नवीन'. सोसायटीच्या नोटीस बोर्डवर आपल्या घरातल्या केराची यादी लावण्यासारखं आहे हे. त्यासाठी वेगळी जागा आहे हो. तुमच्या होम फोल्डरमध्ये, 'कॉन्फिग'च्या आत 'गिट'च्या आत, 'इग्नोर' नावाची फाइल ठेवा. ती तुमच्या मशीनवरच्या सगळ्या प्रकल्पांना लागू होते. फक्त एका प्रकल्पापुरता तुमचा खाजगी कचरा असेल तर त्या प्रकल्पाच्या डॉट-गिट फोल्डरमध्ये 'इन्फो'च्या आत 'एक्सक्लूड' नावाची फाइल असते, तिथे लिहा. ती कोणाकडे जात नाही. सामायिक यादीत फक्त तोच कचरा, जो *प्रकल्प* करतो आणि सगळ्यांकडे होतो.

मग करायचं काय?

नुसती चिडचिड करून उपयोग नाही, म्हणून सोमवारी सकाळी करण्यासारख्या चार गोष्टी.

एक. गुपित रेपॉझिटरीत सापडलं, तर पहिलं काम इग्नोर नाही. पहिलं काम *पासवर्ड बदलणे*. लगेच. पुढच्या कमिटमध्ये ओळ पुसली म्हणून ती इतिहासातून जात नाही, आणि इतिहास ज्याने ज्याने क्लोन केला त्याच्याकडे आहे. आधी कुलूप बदला. मग 'गिट आरएम'ला 'कॅश्ड' हा पर्याय लावून फाइल नोंदीतून काढा, मग यादीत ओळ घाला. आणि हो, इतरांनी तो बदल ओढला की त्यांच्या मशीनवरून ती फाइल उडते, तेव्हा आधी सांगा. त्या जागी किमती रिकाम्या ठेवलेली नमुना फाइल द्या, आणि खरी गुपितं गुपितांसाठीच बनवलेल्या जागी ठेवा. तिजोरी हवी तर तिजोरी घ्या ना!

दोन. यादीत ओळ वाढवली की तपासा, की यादीत बसणारी एखादी फाइल आधीपासूनच नोंदीत आहे का. 'गिट एलएस-फाइल्स'ला आय, सी आणि 'एक्सक्लूड-स्टँडर्ड' हे पर्याय लावले की ती दिसते. ही माझी अक्कल नाही. लिनक्स कर्नलच्या स्वतःच्या गिटइग्नोर फायलीत वरच टीप लिहिलीय, की यादी बदललीत तर असं तपासून बघा. ज्या प्रकल्पासाठी गिट जन्मलं, त्या प्रकल्पातल्या लोकांनाही या चुकीची भीती वाटते. आम्ही ती आज्ञा मारली असती तर दोन सेकंदांत आमची फाइल पडद्यावर दिसली असती, आणि बंड्या कदाचित आजही आमच्यात असता.

तीन. एखादी फाइल का वगळली जातेय हे कळत नसेल तर अंदाज करू नका. 'गिट चेक-इग्नोर'ला व्ही लावून फायलीचं नाव द्या. कुठल्या यादीतली, कितव्या क्रमांकाची, कुठली ओळ जबाबदार आहे हे ती सांगते. कोणावर बोट न रोखता, नुसता ओळीचा क्रमांक. आमच्या सोमवारच्या कॉलवर असं काहीतरी हवं होतं.

चार. यादीतली प्रत्येक ओळ कोणीतरी वाचलेली असली पाहिजे. जिचं कारण सांगता येत नाही ती काढा. जिचं कारण चटकन कळत नाही तिच्यावर हॅश लावून एक वाक्य लिहा. वीस ओळींची समजलेली यादी दोनशे ओळींच्या उचललेल्या यादीपेक्षा कधीही भारी.

"एवढ्याशा फायलीवर एवढं प्रवचन?" असं कोणीतरी म्हणणार, मला माहीत आहे. पण कोडची मोठी फाइल सगळे वाचतात, तिच्यावर वाद घालतात. ही एवढीशी फाइल कोणी वाचत नाही, आणि म्हणूनच तिच्या जिवावर सगळ्यात जास्त गोष्टी ढकलल्या जातात. 'गिटइग्नोरमध्ये टाक' हे वाक्य बोलायला सोपं आहे, कारण ते बोललं की विचार करायचं काम संपतं. बोलणाऱ्याचं संपतं. निस्तरायचं काम टीममधल्या सगळ्यात नव्या माणसाकडे जातं.

काल मी काय केलं, तर त्या महाशयांच्या शेऱ्याखाली दुसरा शेरा लिहिला: "आधी पासवर्ड बदलू. ही फाइल नोंदीत कोणी आणि कधी आणली ते मी बघतो, ही चूक हिची नसण्याची शक्यता जास्त आहे." लॉग काढला. चार वर्षांपूर्वीचा कमिट निघाला, महाशयांचाच. या वेळी मी ते सगळ्यांसमोर सांगितलं, शांतपणे. महाशय दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. ती मुलगी संध्याकाळी जाताना "थँक्यू दादा" म्हणून गेली. मला काही फार मोठं केल्यासारखं वाटलं नाही. थोडा उशीरच झालाय.

असो. बरंच लांबलं. सोमवारी ऑफिसला गेलात की तुमच्या प्रकल्पाची गिटइग्नोर उघडा आणि एकदा वरपासून खालपर्यंत वाचा, पाच मिनिटं लागतील. आणि डब्यात काही दागिने सापडलेच, तर ते ठेवले कोणी हे विचारायच्या आधी स्वतःचा लॉग बघा.